फेंडर रोल केलं म्हणजे जागा झाली, असं नाही

गाडी खाली बसवायची आणि रुंद अलॉय घालायचे, असं ठरवून आलेली पोरं आमच्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या मोबाइलवर एकच मजकूर असतो. तो फेंडरबद्दल, म्हणजे चाकावरच्या पत्र्याबद्दल असतो. थोडक्यात असा : "फेंडर रोल करणं पाच मिनिटांचं काम आहे. टायर आणि फेंडरच्या मधे बेसबॉलची बॅट घाला, गाडी मागेपुढे ढकला, झालं. पत्रा आत वळतो, रंगाला काही होत नाही. एकदा रोल केलं की हवं तेवढं रुंद चाक बसतं, हवी तेवढी गाडी खाली घेता येते. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे आरटीओचाही प्रश्न नाही."

मी डेंटर आहे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करतो. कोल्हापुरात वडिलांनी सुरू केलेलं काम पुढे चालवतो. रोलिंगला माझा विरोध नाही, मी स्वतः ते करून देतो. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य पोरांच्या खिशाला आणि कधीतरी जिवालाही महागात पडणारं आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलतो.

आधी हे काम नेमकं काय ते बघा. आपल्या गाडीच्या चाकाच्या कमानीत हात घाला आणि कडेवरून बोट फिरवा. पत्रा आतल्या बाजूला काटकोनात वळलेला लागेल, साधारण एक-दीड सेंटिमीटर. त्या पट्टीला आम्ही लिप म्हणतो. जपानी लोक तिला नख म्हणतात, तिकडे या कामाचं नावच 'त्सुमे-ओरी' आहे, म्हणजे नख दुमडणं. कंपनी ती पट्टी ठेवते कारण नुसता सपाट पत्रा लडबडतो, कड वळवली की कमान ताठ राहते. पण गाडी खाली घेतली, चाक बाहेर आलं, की खड्ड्यात टायरचा खांदा थेट त्या पट्टीच्या धारेवर जाऊन बसतो. सफरचंदाची साल निघावी तशी टायरच्या खांद्याची रबराची पट्टी सोलून निघालेली मी पाहिली आहे. आतल्या दोऱ्या दिसत होत्या आणि त्याच टायरवर त्या गाडीचा मालक पुण्याहून हायवेने आला होता. तर ती धार मोडून पट्टी कमानीच्या आतल्या अंगाला चपटी चिकटवायची, एवढंच रोलिंग. ग्राइंडरने पट्टी कापूनच टाका असंही काही जण सांगतात. मागच्या चाकावर ते कधीही करू नका, कारण पुढे येईलच.

आता बॅट. बॅट टायरवर टेकवून गाडी ढकलली की दाब सगळीकडे सारखा पडत नाही. जिथे बॅट अडकते तिथे पत्रा एकदम वळतो, पुढे दोन बोटांवर तो तसाच राहतो. वर बॅट आतून पत्र्याला बाहेरही ढकलते. कमान उन्हात तिरक्या नजरेने बघितली की लाटा दिसतात, आणि त्या लाटा काढण्याचं बिल रोलिंगच्या कितीतरी पट होतं. शिवाय एक जण बॅट धरून चाकाशी बसलाय आणि दुसरा गाडी ढकलतोय, यात बॅट सटकली की मनगट जातं.

नीट काम होतं ते रोलरने. गाडी जॅकवर नाही, घोडीवर म्हणजे लोखंडी स्टँडवर उभी करायची. चाक काढायचं आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तबकडीच्या, स्टडवर रोलर नटांनी आवळायचा. त्याच्या दांड्याच्या टोकाला कडक प्लास्टिकचं चाक असतं, ते लिपला टेकेल एवढी दांड्याची लांबी ठेवायची. मग कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, एका फेरीत थोडासाच कोन, पुन्हा कोन वाढवून पुन्हा पूर्ण फेरी. एका कमानीला पाऊण तास सहज जातो. त्याआधी आतलं प्लास्टिकचं लायनर सोडवायचं आणि बंपरचा कान जिथे स्क्रूने लिपला धरलेला असतो तो स्क्रू काढायचा. तो राहिला की त्याच जागी पत्रा कुबड काढतो. आणि मागच्या ज्या बाजूला पेट्रोलचं झाकण आहे त्या बाजूला लायनर उघडून टाकीकडे जाणारा पाइप कुठून गेलाय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय हीट गन हातात घेऊ नका. बऱ्याच गाड्यांत तो पाइप नेमका चाकाच्या कमानीतूनच उतरतो.

"रंगाला काही होत नाही" हे वाक्य वाचलं की मला राग येतो, कारण पुढचं सगळं नुकसान इथूनच सुरू होतं. गाडीचा रंग हा पत्र्यावर बसलेला पातळ, कडक थर असतो. पत्रा वाकतो, थंड रंग वाकत नाही, तडकतो. म्हणून हीट गनने कड आधी गरम करायची, पन्नास-साठ अंशांपर्यंत. तापमान बघायची छोटी गन मिळते, ती घ्या. नसेल तर पालथा हात टेकवून बघा, क्षणभरच ठेवता आला पाहिजे. एकाच जागी हीट गन धरली तर रंग फुगतो, ती सतत फिरती ठेवायची. प्रत्येक फेरीआधी पुन्हा गरम करायचं, कारण पत्रा मिनिटाभरात थंड होतो. कंपनीचा मूळ रंग असेल आणि एवढी काळजी घेतली तर बहुतेक वेळा बाहेरचा रंग वाचतो. आतल्या घडीवर बारीक भेगा मात्र पडतातच, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

आणि गाडी आधी कुठे ठोकली गेली असेल, कमानीवर लांबी (पुट्टी) भरलेली असेल, तर काहीही करा, ती सुटणार. लांबीला वाकणं माहीत नाही. जुनी गाडी घेताना "एकदाही धक्का लागलेला नाही" असं सांगितलेलं असतं, आणि रोलर फिरताना 'कच्' आवाज येऊन लांबीची खपली हातात येते. म्हणून मी आधी कमानीवर लोहचुंबक फिरवून बघतो. कुठे पकड सैल वाटली की काम थांबवतो आणि मालकाला दाखवतो.

यापेक्षा मोठी गोष्ट तर डोळ्यांना दिसतच नाही. पुढचं फेंडर हे नट-बोल्टने लावलेलं, एकेरी पत्र्याचं असतं. बिघडलं तर बदलता येतं. मागचं तसं नाही. तिथे बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या डब्याचा आतला पत्रा, असे दोन पत्रे लिपवरच एकत्र येतात. ते स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून सीलर भरलेला असतो. ही घडी दुमडली की तो सीलर फाटतो. लिप ग्राइंडरने कापली तर वेल्डिंगचे टाकेच गेले, दोन पत्रे एकमेकांपासून सुटले. रोलिंगनंतर ती घडी स्वच्छ करून, उघड्या पत्र्याला प्रायमर मारून, नवा सीम सीलर ब्रशने दाबून भरला आणि वर रंग दिला तरच काम पूर्ण झालं म्हणायचं. बॅटवाल्या मजकुरात याचा एक शब्दही नाही.

एक पांढरी हॅचबॅक सांगतो. मालक रत्नागिरीला नोकरीला, दर पंधरवड्याला घाटातून कोल्हापूरला यायचा. फेंडर दुसरीकडे रोल करून घेतलेली, सीलर कुणी भरलाच नव्हता. दोन पावसाळे गेले. तो आला तो वेगळ्याच कामाला, मागचा बंपर घासला म्हणून. कमानीच्या वरच्या कडेला रंगाखाली मसुराच्या डाळीएवढे फोड होते. एक फोड नखाने दाबला तर आत गेला आणि तपकिरी पाण्याची धार माझ्या मनगटावर आली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज आरपार. आतून चिखल, समुद्राकडची खारी हवा आणि घाटातला पाऊस, सगळं त्या फाटलेल्या घडीत जाऊन बसलं होतं. दोन्ही बाजूंचा पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागला. त्या मुलाने बिल बघून काही म्हटलं नाही, नुसता खाली बसून बराच वेळ कमानीकडे बघत राहिला. ते मला अजून आठवतं, कारण शंभर रुपयांच्या सीलरने हे टळलं असतं.

"हवं तेवढं रुंद चाक बसतं." इथे आकडेच बोलू दे. समजा कंपनीचं चाक ६ इंच रुंद आहे आणि ऑफसेट ४५ आहे, म्हणजे हबचा माथा चाकाच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेर. मुलाने पसंत केलेलं चाक साडेसात इंची, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातली अर्धी, १९, बाहेरच्या बाजूला. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे आणखी १० बाहेर. एकूण २९ मिलिमीटर चाक बाहेर आलं. आतल्या बाजूलाही ते ९ मिलिमीटर शॉकअपकडे सरकलं. रोलिंगने मिळतं किती? लिपची रुंदी जेवढी तेवढंच, दहा ते पंधरा मिलिमीटर, तेही घडी अगदी चपटी बसली तर. उरलेले चौदा ते एकोणीस कुठून आणणार? मग पत्रा बाहेर खेचावा लागतो. ते वेगळं काम आहे, त्यात रंग जातोच आणि कमानीचा आकार बदलतो. आणि आतले ९ मिलिमीटर तर रोलिंगने कधीच मिळणार नाहीत, टायर शॉकअपला घासत असेल तर फेंडरचा त्यात काय संबंध?

व्यासाचं गणित पोरं करतच नाहीत. १८५/५५ आर १५ टायरचा व्यास ५८४ मिलिमीटरच्या आसपास. त्या जागी २०५/५० आर १६ घातला की ६११. म्हणजे वरच्या बाजूला आणखी तेरा-साडेतेरा मिलिमीटर टायर आला. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो लायनरला आणि बंपरच्या मागच्या कडेला लागतो, लिपला नाही. रोलर तिथे पोचतही नाही.

गाडी खाली घेण्याबद्दल. परदेशातल्या ज्या गाड्या बघून हा सगळा छंद आपल्याकडे आला त्यांतली माझदा मियाटा घ्या. तिच्या पहिल्या दोन पिढ्यांना चारही चाकांवर डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांनी धरलेलं. गाडी दबली की चाक वर जाताना माथ्याने आत झुकतं, टायरचा खांदा कमानीच्या आत शिरतो. आपल्याकडच्या स्विफ्ट, पोलो, होंडा सिटी यांना मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एक आडवा दांडा. दोन्ही चाकं एकत्र दबली की ती जवळजवळ सरळ वर जातात, आत झुकत नाहीत. त्यामुळे मियाटावर जे बसतं ते इथे घासतं. हे समजून घेतलं की निम्मे वाद मिटतात.

शिवाय आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या गल्लीतले त्या मापाचे किती आहेत ते तुम्हीच सांगा. जमिनीपासून पोट १६५ मिलिमीटर उंच असलेली गाडी ५० ने खाली घेतली, मागे तीन माणसं बसवली, की पोट घासणारच. स्प्रिंग कापून खाली घेतलेल्या गाडीवर मी रोलिंग करत नाही. कापलेली स्प्रिंग गाडी उचलल्यावर बैठकीतून सैल होते आणि खड्ड्यातून उसळल्यावर तीच गत. त्या गाडीला आधी धड सस्पेन्शन पाहिजे.

टायर कुठे घासतो हे बघायची साधी रीत आहे. लिपच्या आतून खडू घासायचा, मागे तीन दणकट मित्र बसवायचे, आणि ओळखीच्या स्पीडब्रेकरवरून सावकाश एक चक्कर मारून यायचं. टायरवर खडू कुठे उमटला ते बघा. उमटलाच नाही तर रोलिंग नकोच, पैसे वाचले.

राहिला आरटीओ. पट्टी दुमडलेली कुणाला दिसत नाही हे खरं. पण पट्टी दुमडली कशासाठी? बाहेर आलेल्या चाकासाठी आणि खाली बसलेल्या गाडीसाठी, आणि ते दोन्ही रस्त्याच्या पलीकडून दिसतं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ कलमात परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या आड येतो, ते वेगळंच. आणि 'तिकडे चालतं' असंही नाही. जिथे हा छंद मुरलेला आहे त्या जपानमध्ये चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांच्या टापूत चाक कमानीबाहेर येता कामा नये असा नियम आहे. २०१७ मध्ये त्यांनी सवलत दिली ती फक्त टायरच्या रबराला, तीही १० मिलिमीटरच्या आत.

गेल्या महिन्यात आलेल्या मुलाशी मी हेच सगळं बोललो. साडेसात इंची चाकांचे पैसे अजून दिलेले नव्हते, ते बरं झालं. कागदावर आकडे मांडले आणि साडेसहा इंची, ४० ऑफसेटचं चाक काढलं. बाहेर फक्त ११ मिलिमीटर, आत एक. टायरचा व्यास कंपनीचाच ठेवला, गाडी कंपनीच्याच उंचीवर. खडूची चक्कर मारली तर मागच्या डाव्या चाकावर दोन बोटांएवढा खडू उमटला, बाकी तीन कोरे. मागच्या दोन्ही कमानी रोल केल्या, सीलर भरून दोन दिवस सुकू दिला. पुढच्या फेंडरांना हातही लावला नाही.