‘युनिव्हर्सल कॅरिअर कोणत्याही जुन्या गाडीला बसतो’ या दाव्याचा प्रतिवाद

गणपती किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की एक संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: जुन्या गाडीसाठी कॅरिअर घेताना मॉडेल आणि साल पाहत बसू नये, ‘युनिव्हर्सल’ लिहिलेला कोणताही चालतो, जुन्या गाड्यांचा पत्रा जाड असल्याने टपावर शंभर-सव्वाशे किलो सहज राहते, कॅरिअरचे पाय, म्हणजे तो टपाच्या कडेला धरणारे आधार, घट्ट आवळले की काम झाले, आणि कंपन्या आता जुन्या गाड्यांचे कॅरिअर बनवत नाहीत, त्यामुळे दुसरा मार्गही नाही. हा सल्ला चांगल्या हेतूने पुढे पाठवला जातो याबद्दल मला शंका नाही, परंतु त्यावर विसंबून कुटुंबेच्या कुटुंबे घाट उतरतात, म्हणून त्यातले प्रत्येक विधान तपासले पाहिजे.

पहिले विधान ‘युनिव्हर्सल’चे. कॅरिअर गाडीला बसतो की नाही, हे गाडीच्या वयावर किंवा खोक्यावरच्या शब्दावर ठरत नाही. ते टपाची कड कशी आहे यावर ठरते. अँबेसेडर, पद्मिनी, मारुती ओम्नी, टाटा सुमो या गाड्यांच्या टपाच्या दोन्ही बाजूंना पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते, जिला गॅरेजमध्ये गटर म्हणतात. या गटरला पकडणारे पाय पुष्कळ गाड्यांना चालतात, आणि ‘युनिव्हर्सल’ हा शब्द खरा ठरतो तो एवढ्याच मर्यादेत. 1998 साली आलेल्या सँट्रोसारख्या गाडीला असे उघडे गटर नाही. तिथे कॅरिअरच्या पायाचा आकडा, म्हणजे हुक, दार उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटीच्या वरच्या कडेत, बीडिंगच्या (दाराभोवतीच्या रबरी पट्टीच्या) खाली अडकवावा लागतो, आणि त्या कडेचा उतार व जाडी प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. आकडा जुळला नाही तर दार नीट मिटत नाही, बीडिंग दबून पावसाचे पाणी आत येते, रंग खरवडला जातो, आणि सर्वांत वाईट म्हणजे चार पायांपैकी एखादा केवळ टेकलेला राहतो, पकडलेला नसतो.

एकाच नावाच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. होंडा सिटी भारतात 1998 साली आली, 2003 मध्ये तिचा सांगाडा बदलला आणि 2008 मध्ये पुन्हा बदलला. म्हणून ‘सिटीचा कॅरिअर’ एवढे सांगून दुकानदाराकडून वस्तू घेणे पुरेसे नाही, साल सांगावेच लागते. टपावर लांब दांड्या दिसल्या म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही, कारण काही गाड्यांवरच्या दांड्या केवळ शोभेच्या असतात आणि त्यांच्यावर वजन टाकू नये असे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. ओम्नीच्या बाबतीत आणखी एक तपासणी करावी: पाय बसवल्यावर सरकते दार दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडून-मिटवून पाहावे, म्हणजे ते आकड्याला घासत नाही याची खात्री होते.

दुसरे विधान जाड पत्र्याचे, आणि माझ्या मते सर्वांत घातक हेच आहे. टपाचा पत्रा जुन्या गाडीतही एक मिलिमीटरच्या आसपासच असतो. वजन तो पेलतच नाही. वजन पायांमधून गटरवर किंवा चौकटीवर आणि तिथून खांबांवर जाते. त्यामुळे विचारायचा प्रश्न पत्र्याच्या जाडीचा नसून गटर किती शाबूत आहे हा आहे. गटरच्या कडेला पत्र्याचे थर स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात आणि फटीत सीलंट भरलेले असते. वीस-पंचवीस पावसाळ्यांनंतर ते सीलंट तडकते, पाणी आणि माती आत साचते, आणि रंगाखालून गंज सरकत जातो. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने तो अधिक वेगाने पसरतो. वरून नवा रंग मारलेली गाडी अशा वेळी फसवते. बोटाने दाबल्यावर रंगाला फुगवटा जाणवला किंवा पोपडा निघाला, तर त्या गटरवर कॅरिअर बसवण्याआधी डेंटिंगवाल्याकडून ते उघडून पाहणे भाग आहे.

टपावरच्या वजनाची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते आणि लहान गाड्यांमध्ये ती साधारणपणे 50 ते 75 किलोच्या दरम्यान आढळते. कॅरिअरचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे असते: मर्यादा 50 किलो असेल आणि लोखंडी कॅरिअर 15 किलोचा असेल, तर सामानासाठी 35 किलोच उरतात. कॅरिअरवर 100 किलो लिहिलेले असले, तरी गाडीची मर्यादा त्यामुळे वाढत नाही. दोहोंपैकी लहान आकडा पाळायचा. शिवाय टपावरचे ओझे माणसे आणि डिकीतले सामान यांच्या एकूण भारात मोजले जाते. मारुती 800 ही गाडी स्वतःच सुमारे 650 किलोची; तिच्या डोक्यावर शंभर किलो ठेवले तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते. ओम्नी तर मुळात उंच आणि अरुंद आहे.

‘घट्ट आवळले की झाले’ हे अर्धे खरे आहे. पाय घट्ट हवेतच, परंतु गरजेपेक्षा जास्त आवळल्याने गटरची कड वाकते आणि पकड उलट कमी होते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 किलोमीटरऐवजी 80 ने गेल्यास तो पावणेदोन पटींहून थोडा अधिक होतो. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर 50 किलोचे सामान 35 किलोच्या आसपास जोराने पुढे ढकलले जाते, आणि ते थोपवण्यासाठी बहुतेक कॅरिअरकडे केवळ घर्षण असते. म्हणून शिडी किंवा पाइप यांसारखे लांब सामान पुढच्या व मागच्या बंपरजवळच्या ओढायच्या हुकांनाही बांधावे लागते, आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून सर्व नट पुन्हा तपासावे लागतात. सामान ठरलेल्या मर्यादेबाहेर डोकावत असेल, तर मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 194 (1अ) नुसार 20,000 रुपये दंड आहे.

राहिला ‘आता मिळतच नाही’ हा मुद्दा. गटरला धरणारे पाय आजही बनतात, कारण बोलेरोसारख्या गटर असलेल्या गाड्या आजही विकल्या जातात. गटर नसलेल्या गाड्यांसाठी थुले, याकिमा यांच्यासारख्या कंपन्यांच्या रचनेत आडव्या दांड्या, पाय आणि त्या-त्या मॉडेलचा जोडसंच हे तीन भाग वेगळे असतात. दांड्या आणि पाय जुने चालतात, फक्त जोडसंच आपल्या गाडीचा हवा, आणि बंद झालेला संच वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात त्याच्या क्रमांकावरून शोधता येतो. वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायचा असेल तर टपाची रुंदी पुढे आणि मागे स्वतंत्र मोजून द्यावी, कारण ती सहसा सारखी नसते. लांब सामानासाठी दोन दांड्यांमध्ये साधारण 70 सेंटीमीटर अंतर असावे, आणि टपाला भोक पाडू देऊ नये. जिथे संचही नाही आणि गटरही नाही, तिथे दारांमधून पट्टे घेऊन बांधायचे मऊ गाद्यांचे कॅरिअर उरतात; ते हलक्या सामानासाठी, कमी वेगाने आणि कोरड्या दिवसांत वापरावेत, कारण पट्ट्यावरून पाणी थेट आसनांवर उतरते.