जहाज बघण्याचा कार्यक्रम

नाशिककराचा समुद्राशी संबंध पापलेटापुरता. एरवी आमचं पाणी म्हणजे गोदावरी, आणि ते मोजायचं साधन म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात त्याच्या गुडघ्याला पाणी लागलं की लोक फोटो काढायला जातात, कमरेला लागलं की सगळ्या ग्रुपवर टाकतात आणि छातीवर गेलं की भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला घेतात. बोटीचा अनुभव म्हणाल तर गंगापूर धरणावरच्या बोट क्लबचा. लाइफ जॅकेटचं बक्कल नीट लागेपर्यंत फेरी संपलेली असते.

अशा घराला मुलानं पुण्याहून फोनवर कळवलं, "बाबा, रिटायरमेंटनिमित्त तुम्ही, आई आणि आजी, तिघांनी क्रूझवर जायचं. अर्धे पैसे माझे. जहाज फक्त तुम्ही ठरवा."

या 'फक्त'मध्ये आमची दिवाळी गेली आणि तुळशीचं लग्नही उरकलं.

स्थळं दोन होती. एक मुंबईहून सुटून गोव्याला जाऊन येणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस. दुसरं सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंडकडे जाणारं गेंटिंग ड्रीम. मुलानं एक्सेलची शीट पाठवली होती, पण हिला मोबाइलवर ती वाचता येईना आणि मला त्यात लिहिता येईना. शेवटी मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेची पानं उलटी करून त्यावर मी पट्टीनं रकाने आखले.

पहिला रकाना वयाचा. ड्रीम २०१६ सालचं, जर्मनीत बांधलेलं. एम्प्रेस १९९० सालचं, फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधलेलं.

"जुनं आहे हो," ही म्हणाली.

"आपल्या लग्नाच्या वर्षीचं आहे."

"तेच म्हणतेय मी."

मी तो रकाना घाईनं भरून टाकला. पण आईचे कान तिखट. तिनं एम्प्रेसचा सगळा पूर्वेतिहास विचारून घेतला. जन्मनाव नॉर्डिक एम्प्रेस. २००४ मध्ये झालं एम्प्रेस ऑफ द सीज. २००८ मध्ये एका स्पॅनिश कंपनीकडे गेलं, तिथं नुसतं एम्प्रेस. २०१६ मध्ये पुन्हा जुन्या मालकाकडे, पुन्हा जुनं नाव. २०२० मध्ये ते विकलं गेलं आणि २०२१ पासून आपल्या मुंबईहून फिरू लागलं.

"अगं बाई, कितींदा तांदळात नाव काढलं त्या बिचारीचं!" आई म्हणाली. "शेवटी मुंबईला दिली ना? सुटली."

त्या क्षणापासून आई एम्प्रेसच्या बाजूची झाली. जहाज कसं आहे हा प्रश्न तिच्या लेखी मिटला होता. पोरीनं सोसलंय एवढं तिला पुरे होतं.

आकाराच्या रकान्यापाशी शेजारचे नाना आले. नानांचं अख्खं आयुष्य ओझरच्या विमान कारखान्यात गेलेलं, त्यामुळे हलणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा हक्क असतो. ड्रीमची लांबी ३३५ मीटर, एम्प्रेसची सुमारे २११. इथवर ठीक होतं. पुढे ड्रीमचा आकडा होता १,५०,६९५ टन आणि एम्प्रेसचा ४८,५६३. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि दीड लाख टन लोखंड पाण्यावर तरंगवायला किती पाणी बाजूला सारावं लागेल याचं गणित माझ्या चांगल्या आखलेल्या पानाच्या समासात मांडलं. तीन चहा झाले. आर्किमिडीज दोनदा येऊन गेला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्यानं सांगितलं की ग्रॉस टनेज हे वजनच नसतं. जहाजाच्या आत बंदिस्त जागा किती, यावरून काढलेला तो आकडा असतो. नाना काही क्षण गप्प बसले. मग म्हणाले, "जागेचा आकडा आहे ना? मग त्याला टन कशाला म्हणता? चौरस फूट सांगा, कार्पेट का बिल्टअप ते सांगा." मला ते पटलं. गंगापूर रोडला फ्लॅट घेताना बिल्डरलाही आम्ही हेच विचारलं होतं आणि त्यानंही असंच बघितलं होतं.

पण नाना खरे खुलले ते बोट लागण्याच्या मुद्द्यावर. हिला घाट लागतो, एसटी लागते, मॉलमधला सरकता जिना थोडा थोडा लागतो. तेव्हा बोट लागणारच, हे आम्ही धरूनच चाललो होतो. नानांनी मात्र शोध लावला की मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात, आणि ते कोन बदलून डोलणं कमी करतात.

"अहो वहिनी, हे विमानाच्या पंखाचंच तत्त्व! पाणी वेगानं वरून-खालून गेलं की उचल मिळते."

"आणि वेग नसला तर?"

"तर... मिळत नाही."

"म्हणजे जहाज थांबलं की डोलणार."

नानांनी ते मान्य केलं, पण नाइलाजानं. वर अशी माहिती दिली की जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी जाणवते, पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त. हिला सगळ्यात वरचा मजला हवा होता, कारण तिथून दिसतं. तिथून दिसतं आणि तिथंच लागतं, ही गोष्ट त्या दिवसापासून आमच्याकडे दोन्ही जेवणांना वाढली जात होती.

पैशांचा रकाना मी लवकर उरकतो, कारण त्यानं माझाही निकाल लावला. जाहिरातीतली रक्कम माणशी असते आणि तीही खोलीत दोघं धरून. मग पोर्ट चार्जेस. मग जीएसटी. मग ग्रॅच्युइटी, म्हणजे दर माणशी दर रात्रीची टीप, जी आपण खुशीनं देतो असं ते आधीच ठरवतात. परदेशातल्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला कर, जो रिटर्न भरला की परत मिळतो. म्हणजे आपलेच पैसे सरकारदरबारी सहल करून येतात. वाय-फाय वेगळं. नाशिकहून जाण्याचा खर्च मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, कारण सिंगापूरच्या विमानासाठीही आधी मुंबईच गाठायची. समृद्धीनं इगतपुरीहून आमण्यापर्यंत भुर्रकन जाता येतं आणि कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी आहेच. दोन्ही रकान्यांत मी 'भिवंडी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

करमणुकीत ड्रीम सरस होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, दोरांवरून चालायचा खेळ, झिपलाइन. एम्प्रेसवर चढायला कृत्रिम कडा. आमच्या तिघांच्या मिळून सहा गुडघ्यांपैकी भरवशाचे दोन आहेत, आणि तेही एका माणसाचे नाहीत. हा रकाना दोन्हीकडे शून्य धरला.

जेवण! दोन्ही जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय आहे हे वाचून मी आईला आनंदानं सांगितलं, "कांदा-लसूण नाही, बघ."

"बटाटा?"

"जैन म्हटल्यावर बटाटा नाही."

"मग उपासाला काय खाऊ?"

यावर घरात शांतता पसरली. धर्मानं इतकी जवळ असलेली दोन घरं बटाट्यावरून अशी फुटतील हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ही म्हणाली, डब्यात साबुदाण्याचा चिवडा नेऊ. मी सांगितलं की बाहेरच्या खाण्यावर जहाजांचे नियम कडक असतात. इस्त्री, किटली, शेगडी यांतलंही काही नेता येत नाही. तिनं चिवडा औषधाच्या पिशवीत नेता येईल का ते विचारलं. मी ते रकान्यात लिहिलं नाही.

पण आईनं मधेच उपास काढला तो उगाच नव्हता, तिचं लक्ष तिथीवर होतं. तिच्या पिढीला बोट म्हटलं की 'रामदास' आठवते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारी अमावास्या होती. आई ते सांगत असताना नानाही बोलले नाहीत, आणि हे सहसा घडत नाही. नंतर तिनं एवढंच विचारलं, "आपण निघतोय तेव्हा अमावास्या नाही ना?"

मी भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. "नाही गं. पहिल्याच रात्री संकष्टी आहे."

"मग चंद्र दिसेल का?"

आता हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. स्वस्तातली खोली म्हणजे 'इनसाइड', तिला खिडकीच नसते. त्यावरची सी-व्ह्यू, तिला खिडकी असते पण ती उघडत नाही. काचेतून दर्शन चालेल, आई म्हणाली, पण अर्घ्य काचेवर कसं द्यायचं? समुद्राला पाण्याची काही वाण नव्हती, तरी तो मुद्दा तिच्यापुढे मांडायची कुणाची छाती झाली नाही. म्हणजे उरली बाल्कनीची खोली.

आणि तीही कुठल्या बाजूची? नानांनी कंपास आणला. मुंबईहून गोव्याला जाताना जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे पूर्व येते डाव्या हाताला. जहाजवाले त्याला पोर्ट म्हणतात. चंद्र उगवणार डावीकडे. सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वर सरकताना जहाजाचं तोंड वायव्येला, तेव्हा तिथं पूर्वेचा कल उजवीकडे. शिवाय सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास.

"मग उपास कुठल्या घड्याळानं सोडायचा?" मी विचारलं.

"चंद्र दिसला की सोडायचा," आई म्हणाली. "त्याला घड्याळ लागत नाही. बाल्कनी लागते."

मुलगा फोनवर हसला. "आजी, वरच्या डेकवर जा ना! तिथून सगळ्यांना फुकट दिसतो."

मुद्दा बिनतोड होता. पण हिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सांगितलं की या वयात आजींना रात्रीच्या वाऱ्यात वर-खाली करायला लावणं बरं दिसत नाही, सोवळं असतं, अर्घ्याचं ताम्हन असतं, आणि बाल्कनीच घ्यायची. सासूच्या चतुर्थीला सुनेनं इतका मनापासून पाठिंबा दिलेला मी लग्नापासून पाहिला नव्हता. बाल्कनीची जाहिरात तिनं दिवाळीतच कापून फडताळात ठेवली होती हे मला ठाऊक होतं. तीत एक बाई खुर्चीत बसून कॉफी पीत असते आणि तिच्या आसपास नवरा नसतो.

मग हिशेब सरळ झाला. सिंगापूरला विमान, व्हिसा आणि वर बाल्कनी, असं तिघांचं झेपणारं नव्हतं. एम्प्रेसची बाल्कनी ओढूनताणून बसत होती, पासपोर्टची भानगड नव्हती आणि आईच्या मते पोरगी गुणी होती. नानांना दीड लाख टन गेल्याचं वाईट वाटलं. ते दोन दिवस आले नाहीत.

कॉलेज रोडवरच्या एका एजन्सीला मी फोन लावला. तिकडे एक उत्साही मुलगी होती.

"बाल्कनी, डावी बाजू, मधला भाग, खालचा मजला," मी पानावरून वाचून दाखवलं.

"सर, साइडची गॅरंटी नसते. स्पेशल रिक्वेस्ट टाकू शकते. कारण काय लिहू?"

"चंद्र दिसायला हवा."

"काय सर?"

"चंद्र. मून. पहिल्या रात्री. फार महत्त्वाचं आहे."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. मग ती एकदम लाडात आली. "ओके सर, समजलं! हनिमूनची रिक्वेस्ट टाकते. आमच्याकडून केबिनमध्ये केक फ्री."

फोन स्पीकरवर होता. ही लाजली, नाहीतर तिला हसू आलं असेल. पाठमोरी असल्यानं सांगता येत नाही. आई मात्र जपमाळ बाजूला ठेवून पुढे सरकली.

"तो केक बिनअंड्याचा आहे का विचार," ती म्हणाली. "आणि म्हणावं, चंद्रोदयानंतरच आणा."