“लेकरू दुधावर आहे” हे कौतुकानं सांगू नका

दीड वर्षाचं लेकरू दिवसाला लिटरभर दूध पितं आणि वाटीतलं काही खात नाही, हे ऐकलं की मला पहिली काळजी त्याच्या रक्ताची वाटते. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर त्यातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही, आणि पोट भरलेलं पोरगं घासाला तोंड उघडत नाही. पहिलं वर्ष संपेपर्यंत हे दूध प्यायला देऊच नये. नंतर दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं.

आईकडून आलेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. आईचंच रक्त कमी असेल किंवा बाळ कमी वजनाचं असेल, तर त्याआधीच सरतो. आणि नेमकं तेव्हा आपण काय भरवतो? वरणाचं पाणी, भाताची पेज, चहात बुडवलेलं बिस्कीट. चहाचा तर मला मनापासून राग आहे. उरलंसुरलं लोहही तो अडवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं अ‍ॅनिमियाची, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली, निघाली. त्याआधीच्या पाहणीत ती ५४ टक्के होती.

पाणी नको, खालचं घट्ट वरण द्या. मोड आलेली मटकी, चणे शिजवून कुस्करा. नुसत्या पालकावर विसंबू नका, त्यातलं लोह अंगी फार कमी लागतं. लिंबू भांडं उतरवल्यावर पिळा, लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व उकळीत जातं. संत्र्याच्या दिवसांत जेवणाबरोबर दोन फोडी द्या, बी आणि साल काढून. घरी मटण होत असेल तर सावजी मसाला पडण्याआधी दोन मऊ तुकडे बाजूला काढा आणि बारीक ठेचून भरवा.

आता अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारी ५० मिलीची बाटली. तिच्या १ मिलीत २० मिलीग्रॅम लोह असतं आणि आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं. पण हा डोस अ‍ॅनिमिया होऊ नये म्हणून आहे! हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपर्यंत घसरलेल्या मुलाला एवढंच देत राहायचं आणि “औषध लागू पडत नाही” म्हणायचं, ही चूक फार होते. उपचाराचा डोस रोज, किलोमागे ३ मिलीग्रॅम असतो. १० किलोच्या मुलाला ३० मिलीग्रॅम, म्हणजे याच औषधाचं दीड मिली. औषधाच्या दुकानातून दुसरी बाटली आणली तर हे गणित चालत नाही. थेंबांचं औषध आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, म्हणून डॉक्टरांकडून मिलीतच लिहून घ्या. दुधाबरोबर देऊ नका. शी काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला दोन-तीन महिने लागतात, मध्येच सोडू नका. बाटली लेकराच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. एकदम जास्त लोह जिवावर बेततं. आणि आकडा ७ च्या खाली असेल तर घरी प्रयोग नकोत, थेट मोठं सरकारी रुग्णालय गाठा, नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो.

नीट औषध देऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमनं वाढलं नाही, तर कारण शोधायला हवं. जंत असतील, गडचिरोलीकडून आलेलं मूल असेल तर मलेरिया असेल. आणि विदर्भात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे, विशेषतः तान्ह्याच्या हातापायांचे पंजे सुजून दुखत असतील तर. साध्या सोल्युबिलिटी तपासणीवर थांबू नका. ती पॉझिटिव्ह आली तरी मूल वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासणीनंतरच कळतं. एसएस (म्हणजे आजारी) निघालं तर लोह डॉक्टरांना विचारूनच द्या. एएस (म्हणजे नुसतं वाहक) निघालं तर मात्र “सिकलमुळेच रक्त कमी आहे” म्हणून स्वस्थ बसू नका. वाहक मुलाचं हिमोग्लोबिन सहसा त्यामुळे घसरत नाही. तिथे पुन्हा दुधाचा हिशेब मांडा, वाटीत काय पडतं ते बघा आणि लोहाचं औषध पूर्ण करा.