अपडेट आपोआप येत नाही म्हणून ती फाईल टाकू नका

आठवड्याभरापासून आमच्या दारव्हा-आर्णी भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. परवा तो माझ्या काकूपर्यंत पोचला. काकू गावातल्या बचत गटाची सचिव आहे. गटाचा हिशोब, बँकेचे मेसेज, सगळ्या बायांचे नंबर तिच्या त्या एका फोनमध्ये असतात. तिनं फोन माझ्या हातात दिला न् म्हणाली, "हे पाय ना बापू, आपला फोन डुप्लिकेट हाये म्हने. थे फाईल टाकून दे मले." फाईल डाउनलोड झालेली होती, उघडायची तेवढी बाकी होती. म्हणून लिहायला बसलो, आणि रागातच बसलो आहे.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं. ज्या फोनवर अपडेट आपोआप येत नाही तो डुप्लिकेट असतो किंवा कंपनीनं काळ्या यादीत टाकलेला असतो. अपडेट हा जुने फोन स्लो करून नवे विकायचा डाव आहे. रात्री चार्जिंगला लावून अपडेट केलं की बॅटरी फुटते. अपडेटमध्ये दिवसाचा सगळा डेटा जातो. शेतकऱ्याच्या साध्या फोनात चोरण्यासारखं काही नसतं, त्याला अपडेटची गरजच नाही. आणि शेवटी, तरीही अपडेट पाहिजे असेल तर 'सोबतची फाईल टाका, सेटिंगमध्ये अननोन सोर्स चालू करा, दहा ग्रुपवर पाठवा'. ('अननोन सोर्स' म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं अ‍ॅप बसवायची परवानगी.) गरज नाही म्हणायचं आणि लगेच खाली फाईल द्यायची, एवढ्यावरूनच वाचणाऱ्याला शंका यायला हवी होती.

पहिला मुद्दा नीट बघू, कारण बहुतेक लोक त्यालाच घाबरले आहेत. अपडेट आपोआप न येण्याचा आणि फोन असली-नकली असण्याचा संबंध नाही. 'आपोआप' या सोयीला अटी असतात. प्ले स्टोअर अ‍ॅप आपोआप अपडेट करतं ते साधारणपणे फोन वायफायवर असेल, चार्जिंगला असेल आणि कोणी वापरत नसेल तेव्हा. आयफोन रात्री स्वतःहून अपडेट बसवतो तोही चार्जिंगला आणि वायफायवर असला तरच. या अटी शहरातल्या फ्लॅटमध्ये रोज रात्री पूर्ण होतात. आपल्याकडे कधी होतात ते सांगा. घरात वायफाय नाही, नेट सिमचं. रब्बीत कृषीपंपाची लाईन रात्री आली की माणूस हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जातो, फोन त्याच्या हातात आणि फोनचा टॉर्च चालू. ज्या वेळी फोन चार्जरला लागून निवांत पडून राहायला पाहिजे, त्या वेळी तो बांधावर असतो. त्यानं अपडेट व्हावं कधी?

पोरगा हॉटस्पॉट देतो, तरी होत नाही, अशीही तक्रार ऐकतो. त्याचं कारण असं, की एका अँड्रॉइड फोनचं हॉटस्पॉट दुसरा अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारं नेट म्हणून ओळखतो. वायफायचं चिन्ह दिसतं, पण फोन मोठं डाउनलोड स्वतःहून सुरू करत नाही. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन 'मीटर्ड'चं 'अनमीटर्ड' करता येतं. त्याहून सोपं म्हणजे स्वतः जाऊन अपडेटचं बटण दाबायचं.

काकूचा फोन मी तिच्यासमोरच उघडून पाहिला. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', त्यात अँड्रॉइड आवृत्ती, आणि तिथे सुरक्षा अपडेटची तारीख. ती तारीख गेल्या वर्षीची निघाली. स्टोरेज बघितलं तर 32 जीबीपैकी जेमतेम काही शे एमबी मोकळी. बाकी गुड मॉर्निंगचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, एकाच लग्नाचे पाच ग्रुपवरून आलेले तेच फोटो. अपडेट कधीपासून येऊन थांबलं होतं, त्याला ठेवायला जागा नव्हती. फोटो काढून टाकले, फोन चार्जरला लावला, 'सॉफ्टवेअर अपडेट'मध्ये जाऊन दाबलं, झालं. काळी यादी वगैरे काही नव्हतं.

काही जणांच्या फोनमध्ये तर अपडेट उतरूनही बसलेलं असतं, फक्त फोन बंद करून चालू करायचा राहिलेला असतो. 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून अशी सोय आहे, की नवी आवृत्ती फोनच्या दुसऱ्या कप्प्यात बसते आणि रीस्टार्ट केल्यावर तिचा वापर सुरू होतो. नवीत बिघाड निघाला तर जुनी जागेवर असतेच. सगळ्या फोनमध्ये ही सोय नाही, पण ज्यांत आहे ते लोकही महिनोन्महिने फोन बंद करत नाहीत.

शेजाऱ्याला आलं, मला नाही, हासुद्धा डुप्लिकेटचा पुरावा नव्हे. कंपन्या अपडेट टप्प्याटप्प्यानं सोडतात. अ‍ॅपलचे सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडेरिघी यांनी 2022 मध्ये एका ग्राहकाला कळवलं होतं, की जे स्वतः सेटिंगमध्ये जाऊन मागतात त्यांना अपडेट आधी मिळतं आणि आपोआपवाल्यांना एक ते चार आठवड्यांनी. असं का करतात ते 19 जुलै 2024 ला जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीचं एक सदोष अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहून बोर्डिंग पास द्यावे लागले.

कंपन्यांच्या डावाबद्दल मला थोडं मान्य करावं लागतं, मनातून नसलं तरी. ही गोष्ट हवेतून आलेली नाही. बॅटरी जुनी झालेले आयफोन आपण अपडेटमधून हळू केले, हे अ‍ॅपलनं डिसेंबर 2017 मध्ये कबूल केलं आणि माफी मागितली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं 2018 मध्ये अशाच कारणांसाठी अ‍ॅपलला 1 कोटी आणि सॅमसंगला 50 लाख युरोचा दंड केला. फ्रान्सनं 2020 मध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरो भरायला लावले. म्हणजे कंपन्या साधुसंत नाहीत. पण त्या प्रकरणांत दोष निघाला तो लोकांना न सांगता फोन हळू केल्याचा, किंवा जुन्या फोनला न पेलणारी आवृत्ती गळ्यात मारल्याचा. दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्या ही वेगळी गोष्ट आहे. त्या बसवू नका असं दंड करणाऱ्यांपैकी कोणीही सांगितलेलं नाही. आणि कंपनीवर राग काढायचाच असेल तर तो वेगळ्या जागी काढा. पुष्कळ स्वस्त फोनला दोन-तीन वर्षांत सुरक्षा अपडेट बंद होतात, तेच काही महाग फोनला सात-सात वर्षं मिळतात. ब्रिटननं एप्रिल 2024 पासून ही मुदत जाहीर करणं सक्तीचं केलं. मोबाईल शॉपीत फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे सगळे विचारतात, सुरक्षा अपडेट किती वर्षं येणार हे कोणी विचारत नाही.

बॅटरी फुटण्याच्या मुद्द्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. अपडेट होताना फोन गरम होतो, तेव्हा तो गादीत-उशीखाली ठेवू नये, फुगलेली बॅटरी तशीच वापरू नये. अपडेटनं बॅटरी फुटत नाही.

डेटा जातो हे खरं आहे. मोठी आवृत्ती आली तर दिवसाच्या दीड जीबीत ती मावत नाही. महिन्याची सुरक्षा दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा काही शे एमबीची असते. ज्या दिवशी क्रिकेटची मॅच पाहायची नाही त्या दिवशी करा, किंवा पंचायतीचं वायफाय चालू असेल तर तिथे बसून करा.

आता शेतकऱ्याच्या फोनात चोरण्यासारखं काय असतं, हा प्रश्न. हे वाक्य लिहिणाऱ्याला गावातल्या फोनात काय असतं ते चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच त्यानं ते लिहिलं असं माझं मत आहे. पीएम किसानचे वर्षाला 6,000 ज्या खात्यात येतात, त्याचा ओटीपी याच फोनवर येतो. राज्याच्या नमो योजनेचे पैसे तिथेच. लाडक्या बहिणीचे दीड हजार तिथेच. पीक विमा, कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे, पीककर्ज, सगळ्याला जोडलेला नंबर हाच. शहरातल्या माणसाकडे दोन फोन, तीन खाती असतात. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांचा आधार एकाच सिमला जोडलेला असतो. ई-पीक पाहणीचं अ‍ॅपसुद्धा जुन्या आवृत्तीवर अडून बसतं आणि नवी घ्यायला सांगतं. अपडेट बंद केलेला माणूस तिथे हंगामाच्या ऐन मुदतीत अडकतो.

आणि अपडेटची गरज नाही म्हणणाऱ्यांनी 2019 चा मे महिना आठवावा. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमध्ये अशी खोट सापडली, की समोरच्यानं कॉल उचलला नाही तरी त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं. सुमारे 1,400 लोकांवर ते वापरलं गेलं, त्यांत भारतातले पत्रकार, वकील, कार्यकर्तेही होते. शेतकरी हेरगिरी करणाऱ्यांचं लक्ष्य नव्हते हे खरं. पण ती खोट बुजली कशानं? व्हॉट्सअ‍ॅपच्या अपडेटनं. ज्यानं अपडेट घेतलं त्याचं दार बंद झालं, ज्यानं नाही घेतलं त्याचं उघडंच राहिलं. केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था 2004 पासून हेच काम करते. अँड्रॉइडमध्ये खोट सापडली की ती सूचना काढते, आणि उपाय म्हणून वारंवार एकच सांगते, कंपनीनं दिलेलं अपडेट बसवा. इतर कोणाचं ऐकायचं नसेल तर तिच्या वेबसाइटवरच्या सूचना वाचा.

आता ती फाईल. काकूच्या फोनमध्ये आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं, म्हणजे ती फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल होती. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल होऊन कधीही येत नाही. कोणत्याही कंपनीचं येत नाही. ते येतं सेटिंगमधून, आणि अ‍ॅपचं येतं प्ले स्टोअरमधून. पीएम किसानच्या नावानं, गाडीच्या चलानाच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं अशाच एपीके फाईल देशभर फिरल्या आहेत आणि पोलिसांनी त्याबद्दल इशारेही दिले आहेत. काम एकाच पद्धतीनं चालतं. आधी 'अननोन सोर्स' चालू करायला लावायचं, म्हणजे फोननं स्वतःहून लावलेली आडकाठी मालकाच्याच हातानं काढून घ्यायची. मग अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची मागतं, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं त्याला दिसतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. त्यानंतर बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांच्याकडे पोचतो. पुष्कळदा अ‍ॅपचं चिन्हही गायब होतं, आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाईल तुमच्या ओळखीच्या लोकांना जाते. म्हणून ती नेहमी ओळखीच्याच माणसाकडून आलेली दिसते. काकूला ती गटातल्याच एका बाईच्या नंबरवरून आली होती. त्या बाईनं ती स्वतः पाठवली का, हे तिला विचारा, असं मी काकूला सांगितलं आहे.

ज्यांनी फाईल नुसती उतरवली आहे त्यांनी ती न उघडता काढून टाकावी आणि 'अननोन सोर्स' चालू केलं असेल तर बंद करावं. ज्यांनी ती टाकली आहे त्यांनी आधी फोनचं नेट बंद करावं, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. नंतर फोन फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करून घ्यावा, फोटो गेले तरी चालतील. लाजेपायी चार दिवस गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार तुम्ही बँकेला कळवल्यानंतर खात्यातून जे जातं ते बँकेनं सोसायचं असतं. बँकेकडून तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि कळवल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा.