चढ खराच असतो हो, उताराचं बोला

पावसाळा लागला की आमच्या सायकल ग्रुपवर एक वाद ठरलेला. कुणीतरी झ्विफ्टचा, म्हणजे घरात बसून सायकल चालवायच्या ॲपचा, स्क्रीनशॉट टाकतं, आल्प द झ्विफ्ट पूर्ण केला म्हणून, आणि खाली लगेच आमच्या काकांचा मेसेज, "पंख्याखाली बसून आल्प्स चढलात, वा! आता बाथरूमच्या टबात बसून इंग्लिश खाडी पोहा." काका सत्तरीला टेकलेत आणि अजूनही पुण्याजवळचा बोपदेव घाट आमच्यातल्या निम्म्यांच्या आधी चढतात, त्यामुळे त्यांना उलट बोलायची कुणाची टाप नसते. पण यंदा मी बोलणारे, कारण माझ्या मते काकांचा राग बरोबर आहे, फक्त तो चुकीच्या गोष्टीवर निघतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रान्समधे आल्प द'उएझ नावाचा घाट आहे, टूर द फ्रान्समुळे फेमस, १३.८ किलोमीटर, सरासरी ८.१ टक्के चढ आणि २१ हेअरपिन वळणं. झ्विफ्टवाल्यांनी त्याची कॉपी स्वतःच्या वातोपिया नावाच्या काल्पनिक बेटावर बसवली, १२.२ किलोमीटर आणि १०३६ मीटर चढाई, वळणं तीच २१. आपल्या सिंहगडाचा घाट डोणज्याच्या बाजूने सहाशे मीटरच्या आसपास चढतो, म्हणजे हा जवळपास पावणेदोन सिंहगड झाला, तोही मधे ताकाला न थांबता. घरी मागचं चाक काढून सायकल स्मार्ट ट्रेनरवर बसवायची, स्क्रीनवर चढ आला की ट्रेनर आपोआप जड होतो, बस. वर पोचलात की एक चक्र फिरतं आणि ग्लोव्ह्ज, हेल्मेट असलं काहीतरी मिळतं, नशीब जोरावर असेल तर भारीतली हलकी चाकं. अर्थात तीपण स्क्रीनवरचीच.

आता हे खोटं आहे का? तर नाही, आणि इथे काकांशी माझं भांडण आहे. उलट सगळ्या सायकलिंगमधे घरात बसून प्रामाणिकपणे कॉपी होऊ शकते अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चढ. सपाट रस्त्यावर तुमची निम्मीअधिक ताकद वारा कापण्यात जाते, पुढे कोण आहे, तुम्ही किती वाकलाय, सगळ्याने फरक पडतो. चढावर वेग ताशी दहा-बारा, वाऱ्याचा संबंध फारसा उरतच नाही, सगळा मामला वजन आणि गुरुत्वाकर्षणाचा. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरा, ते १०३६ मीटर वर न्यायचे म्हणजे साधारण ८६० किलोज्यूल काम, ७० मिनिटांत करायचं तर नुसत्या उंचीपायीच दोनशेच्या वर वॉट सलग लावावे लागतात. ट्रेनर ते वॉट मोजतो आणि ॲप त्यावरून वेग काढतं. सिंहगडाला हेच गणित डोंगर स्वतः करतो, एवढाच फरक.

हां, पळवाटा आहेत. ट्रेनर डिफिकल्टी नावाचं एक सेटिंग असतं, ते मुळात ५० टक्क्यांवर दिलेलं असतं, म्हणजे स्क्रीनवर आठ टक्के चढ असला तरी पायाला चारच टक्के लागतो. काकांना हे कळल्यावर त्यांना जो आनंद झाला तो विचारू नका! पण ती चोरी नाही, वेग पूर्ण आठ टक्क्यांच्याच हिशोबाने निघतो, वॉट तेवढेच द्यावे लागतात, फक्त गिअर मधले चालतात. तोटा एवढाच की जड गिअरवर हळूहळू रेटायची पायाला सवय होत नाही आणि मग खऱ्या घाटात शेवटच्या खड्या टप्प्यात मांड्या बोंबलतात. खरी चोरी वजनाची. ॲप तुम्ही टाकाल ते वजन खरं मानतं आणि चढावर वॉट भागिले किलो हेच सगळं असतं, त्यामुळे आमच्या ग्रुपात काही जण दिवाळीचा फराळ संपवूनसुद्धा ६५ किलोचेच आहेत.

आणि "पंख्याखाली" हा शब्द काकांनी जरा जपून वापरावा. शरीर जेवढी ताकद पेडलवर घालतं त्याच्या तिप्पट-चौपट तरी उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे दोनशे वॉट काढताना खोलीत एक छोटा हीटर चालूय असं समजा, आणि तो हीटर तुम्हीच. एप्रिलमधे पुण्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हे करून बघा. घाम कोपरावरून ठिबकतो, हँडलच्या सांध्यातल्या हेडसेटच्या बोल्टवर मिठाचा पांढरा थर बसतो आणि महिनाभर पुसला नाही तर तो बोल्ट गंजून असा बसतो की मेकॅनिक तुमच्याकडे बघून नुसती मान हलवतो.

शिवाय अजून एक, जे पुरुष मंडळींच्या लक्षात येत नाही. पहाटे साडेचारला एकटीने अंधारात खडकवासल्याच्या पुढे जाणं मला जमत नाही, सोबत लागते, आणि सोबत रोज नसते. सोसायटीतली कुत्री वेगळीच. मला घाटाचे पाय मिळाले ते या ट्रेनरमुळे, तेही पोरीचा डबा भरायच्या आधी, आणि त्याबद्दल मी कुणापुढेही ओशाळणार नाही.

मग काका कुठे बरोबर आहेत? तर उतारावर. ॲपमधे आल्प उतरताना मी काय करते माहितीये? पाणी पिते, घाम पुसते, मोबाईल बघते. पेडल थांबवलं की स्क्रीनवरची बाई आपोआप हँडलवर वाकून बसते आणि हेअरपिन सत्तरच्या स्पीडने घेते, ब्रेक दाबावाच लागत नाही. आणि घाट म्हणजे निम्मा उतारच की!

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्यातला एक पोरगा सिंहगडाला आला, वर्षभर घरीच चढाई करून आलेला, पाय इतके भारी की काकांनासुद्धा मागे टाकलं त्याने. उतरताना मी त्याच्या मागे होते. हात वर हूडवरच, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, खाली ड्रॉपमधे, म्हणजे हँडलच्या वाकलेल्या भागात नाहीत, दोन्ही ब्रेक पहिल्या वळणापासून दाबून धरलेले, बोटं पांढरी पडलेली, नजर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर. वळण आलं की आतला पेडल खाली. आतल्या बाजूला पावसाने वाहून आलेली खडी, समोरून मधोमध येणारी एसयूव्ही, कठड्यावर माकडं. वाचला, पण खाली आल्यावर चाकाच्या रिमला, जिथे ब्रेक घासतो तिथे, हात लावला तर चटका बसला आणि ब्रेक पॅडचा जळका वास येत होता. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात सोडायचा, बाहेरचा पाय खाली आणि भार त्यावर, नजर वळणाच्या पलीकडे, या गोष्टी त्याला कुणी सांगितल्याच नव्हत्या. सांगणार कोण, आम्ही सगळे त्याचे वॉट बघून टाळ्या वाजवत होतो.

ट्रेनरवर तयार झालेले पाय खरे असतात याचा पुरावा मोठ्या लेव्हललाही आहे. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन २०२० मधे झ्विफ्टची स्पर्धा जिंकून प्रो टीममधे गेला आणि २०२२ च्या व्हुएल्ता या स्पेनच्या मोठ्या रेसमधे त्याने डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या दोन स्टेज मारल्या. तोच एप्रिल २०२४ मधे स्पेनच्या बास्क भागातल्या रेसमधे उतारावर जोरात पडला, मणक्याला फ्रॅक्चर. आता हे ॲपच्या माथी मारायला मला आवडलं असतं, पण त्याच वळणावर विंगेगार्ड आणि एव्हनपूल हे जगातले अव्वल सायकलपटूही पडले, आणि ते काही गॅलरीत शिकलेले नाहीत. उतार जन्मभर सायकल चालवणाऱ्यांनाही सोडत नाही, मग आपण तो शिकवतच नाही याला काय म्हणायचं.

तर काका, तुम्ही चढावरून टोमणे मारणं बंद करा आणि आम्हाला उतरायला शिकवा, तुमच्याएवढा सफाईने बोपदेव उतरणारा माणूस मी बघितलेला नाही. बुधवारी सकाळी या, शनिवार-रविवार नको, नऊ वाजता सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग असते. सहाला डोणज्याच्या फाट्यावर भेटू, ब्रेक पॅड आदल्या दिवशी तपासून या, रिम ब्रेकवाल्यांनी तर नक्कीच. वर पोचायला कुणाला किती वेळ लागला ते कुणी विचारणार नाही. पिठलं-भाकरी टीटीएमएम.