त्या मेसेजमधला ‘मशीनवाला भाऊ’ मीच

दिवाळीपासून आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. गावाच्या ग्रुपवर आला, कृषी केंद्रवाल्याच्या ग्रुपवर आला, परवा साळ्याने मलाच पाठवला, खाली हसणारं तोंड टाकून. मजकूर थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोराने सहा वर्षं निव्वळ व्हिडिओ गेमच्या मशीनवर घर चालवलं. मशीन भरली की देतेच, हे गणित त्याला सापडलं होतं. वेळेवर थांबला, आज प्लॉट आहे, दुकान आहे, मजेत आहे. शेती तरी काय, जुगारच. मग डोकं चालतं तो जुगार खेळा. शेवटी एका ॲपची लिंक, आणि ‘घाबरू नका, महाराष्ट्रात 1976 पासून कॅसिनोचा कायदा आहे’ असा दिलासा.

नाव टाकलेलं नाही. पण बसस्टँडमागचं व्हिडिओ गेमचं पार्लर, दाराला हिरवा पडदा, सहा वर्षं, आणि आता मोटर वाइंडिंगचं दुकान, इतकं जुळल्यावर आमच्या तालुक्यात दुसरा कोणी उरत नाही. म्हणून उत्तर मीच देतो.

‘सहा वर्षं मशीनवर घर चालवलं.’

घर चाललं, हे खरं. मशीनवर चाललं, हे खोटं. 2011 च्या पावसाळ्यात मी तिथे बसायला लागलो आणि पहिले सात-आठ महिने फक्त हरलो. बाबांनी तुरीचे पैसे बँकेत टाकायला दिले होते, ते बँकेत पोचलेच नाहीत. पार्लरवाल्याची उधारी चढली तेव्हा त्याने एक दिवस मागे बोलावलं. मला वाटलं, मारतो आता. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, “तू बसतं चांगला बावा. हरला तरी तोंड पाडत नाही. बाजाराच्या दिवशी पडद्याजवळच्या मशीनवर बसत जा. पॉइंट मी भरतो.”

तेव्हा एक रुपयाला एक पॉइंट. गिऱ्हाईक पैसे द्यायचं, तो चावी फिरवायचा, पडद्यावर आकडा चढायचा. माझ्या मशीनवर तो फुकट चढायचा. माझं काम एवढंच: बटण दाबत राहायचं, जोड लागली की ‘डबल’ मारायचं, मोठ्याने ओरडायचं, आणि जिंकलेले पैसे चार लोकांसमोर मोजून घ्यायचे. रात्री शटर पडल्यावर ते परत द्यायचे आणि माझी मजुरी घ्यायची. बाजाराच्या दिवशी तीनशे, कापसाचे चुकारे, म्हणजे विकल्या मालाचे पैसे, सुटले की पाचशे. एरवीच्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने खेळायचो आणि त्यातली बरीच मजुरी त्याच मशीनला परत जायची. याला धंदा म्हणतात की नाही ते तुम्ही ठरवा.

एक दिवस लक्षात राहिलेला आहे. जानेवारी होता. आमच्याच गावचे एक काका, नात्यात लांबचे, जिनिंगमध्ये अकरा क्विंटल कापूस घालून आले होते. कानाला मफलर, हातात पोराच्या शाळेच्या बुटांचा नवा डबा. मी त्यांच्यादेखत दोनशेचे तीन हजार केले. अर्थात माझे दोनशे नव्हतेच. त्यांनी बुटांचा डबा दोन पायांच्या मधे ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसले. दुपारी चारला बसले, दिवे लागले तेव्हा चौदा हजार गेले होते. मधे एकदा माझ्याकडे वळून विचारलं, “पोट्ट्या, तू कसं पाह्यतं रे, कधी देते ते?” मी म्हटलं, “थांबा काका, भरत आली आता.”

हे वाक्य मी बोललोय. मेसेजमधलं ‘गणित’ म्हणतात ते हेच.

‘मशीन भरली की देतेच.’

तर या गणिताकडे येऊ. तिसऱ्या वर्षी मालकाने मला मशीन उघडायला शिकवलं, कारण मेकॅनिक नागपूरहून यायचा आणि भाडंखर्च मागायचा. आत हिरवा बोर्ड, त्यावर बारीक पांढऱ्या खटक्यांची एक ओळ. कोणता खटका वर, कोणता खाली, यावर मशीन किती टक्के परत देणार ते ठरायचं. बाजाराच्या आदल्या रात्री दोन खटके खाली व्हायचे. मशीन किती ‘भरली’ हे त्या खटक्यांना माहीत नसतं. आताच्या कॅसिनोतल्या आणि ॲपवरच्या खेळात तर आकडे आत अखंड पळत असतात, कोणी खेळो न खेळो. बटण दाबलं त्या क्षणी जो आकडा, तो तुमचा. मागचे पाचशे डाव हरलात म्हणून पाचशेएकावा तुमच्यावर मेहरबान होत नाही.

समज मात्र हवेतून आलेला नाही. ब्रिटनमधल्या पबांत फळांच्या चित्रांच्या अशा मशीन होत्या ज्या मागचा हिशेब धरून पुढचं देणं कमीजास्त करायच्या. दुसऱ्याने भरलेली मशीन हेरून तिच्यावर बसणारे काही लोक तिकडे खरंच त्यावर जगले. जपानात पाचिस्लो म्हणतात त्या स्लॉट मशीनला कमीजास्त देण्याची सहा सेटिंग असतात आणि चांगल्या सेटिंगची मशीन मिळावी म्हणून लोक सकाळी हॉल उघडायच्या आधी रांग लावतात. पण तिथेही काय चालतं ते बघा: आधी कोणीतरी हरावं लागतं, मग तुम्ही त्याच्या जागेवर बसता.

आता टक्केवारी. ‘नव्वद टक्के परत देते’ म्हटलं की माणूस समजतो, शंभर घेऊन गेलो तर नव्वद घेऊन येईन. ते नव्वद टक्के प्रत्येक फेरीला असतात. पाचशे रुपये एकदा सगळे फिरवले तर सरासरी साडेचारशे उरतात. ते परत फिरवले तर चारशे पाच. दहाव्या फेरीला 174. आमच्या मशीनवर आठ ओळी होत्या, एका दाबाला आठ पॉइंट. मिनिटाला दहा दाब म्हणजे तासाला 4,800 रुपयांचा खेळ आणि नव्वद टक्क्यांच्या हिशेबाने तासाला 480 रुपये साफ. तेव्हा कापूस वेचणीला किलोमागे पाच-सहा रुपये मिळायचे. एका बाईची दोन दिवसांची वेचणी एका तासात. आणि हे नव्वद टक्के देणाऱ्या मशीनचं. अमेरिकेतल्या नेवाडात निदान 75 टक्के परत देण्याचं कायद्याचं बंधन आहे. बसस्टँडमागे कोणतं होतं?

‘थोडक्यात हुकलं’ याचंही तेच. चेरी, चेरी आणि तिसरी चेरी एक घर वर. 1984 साली अमेरिकेत एक पेटंट निघालं, त्यात डोळ्यांना दिसणारं चाक आणि आतली खरी निवड वेगळी केली. तेव्हापासून हुकल्यासारखं दिसणं आणि हुकणं यांचा एकमेकांशी संबंध राहिला नाही. मला हे फार उशिरा कळलं. कळल्यावरही हात थांबला नाही, ते पुढे सांगतो.

‘1976 पासून कायदा आहे.’

होता. विधिमंडळाने कॅसिनोचा कायदा 1976 साली केला, पण तो कधी लागूच झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. आपल्याकडे चालतो तो 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा. गोव्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना वाट दिली, कॅसिनोच्या बोटी नंतर आल्या. तिथे जिंकलात तर 30 टक्के कर, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. ॲपचं म्हणाल तर ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. आणि ॲपने पैसे दिले नाहीत तर कोर्टात जाऊ म्हणाल, तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 वाचा: पैजेचा करार रद्दबातल. पुढचा मुद्दा.

‘वेळेवर थांबला.’

मी थांबलो नाही. 2017 मध्ये धाड पडली, मशीन टेम्पोत भरून गेल्या, मालक दुसऱ्या तालुक्यात गेला. मी त्या दिवशी योगायोगाने मामाच्या तेरवीला होतो, म्हणून माझं नाव कागदावर आलं नाही. बस, एवढंच माझं शहाणपण.

त्यानंतर दोन वर्षं काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. रात्री झोप नव्हती, आणि ते एक कामच होतं. कानात मशीनचं संगीत वाजत राहायचं, मोटारसायकलच्या आवाजात, पिठाच्या गिरणीत. मग फोनवर तेच फळांचं चित्र आलं. आता फुकट पॉइंट भरणारा कोणी नव्हता. दीड वर्षात एक लाख ऐंशी हजार गेले, त्यात बायकोचे सोन्याचे गहू मणी आणि बचत गटातून तिच्या नावावर उचललेले तीस हजार. बटणाच्या मागे काय असतं हे मी हाताने उघडून पाहिलेलं होतं, तरी गेले. ‘मनात आणलं की सुटतं’ म्हणणाऱ्यांनी यावर थोडं थांबावं. जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या या व्यसनाला आजारांच्या यादीत धरते. बायकोने 14416 ला, म्हणजे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात किती चकरा झाल्या ते मी मोजलं नाही, तिने मोजलं आहे. एसटीची तिकिटं तिच्या डब्यात आहेत.

आणि प्लॉट? तो सासऱ्यांनी दिलेल्या पैशातला, बायकोच्या नावावरचा. सात-बारावर माझं नाव लागू नये याची त्यांनी नीट काळजी घेतली.

‘शेती तरी काय, जुगारच.’

या एका वाक्यावर मेसेज उभा आहे, आणि ते ऐकल्यावर आमच्याकडे कोणी उलट बोलत नाही, कारण पोटातून पटतं. 2017 ला बोंडअळीने पऱ्हाटी उभी खाल्ली. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 आणि बाजारात चार हजाराच्या आसपास विकायची वेळ. तीन आठवडे पाऊस नाही, मग एका रात्रीत वावराचं तळं. मी स्वतः हे वाक्य पार्लरमध्ये शंभरदा म्हटलंय. गिऱ्हाइकाच्या मनाला लगेच बरं वाटायचं.

पण बाबांकडे बघून सांगतो. चाळीस वर्षांत त्यांना कळलं की नाल्याकडच्या पट्ट्यात पाणी धरतं, तिथे तूर मरते. की धुऱ्याकडच्या हलक्या जमिनीत पाऊस लांबला तर आधी काय सुकतं. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ टाकतात, एक गेलं तर दुसरं यावं म्हणून. पीक बुडालं तरी तुराट्या जळणाला, कुटार जनावराला. भाव पडला तर कोणाच्या नावाने बोंब मारायची हे माहीत असतं, तहसीलवर मोर्चा काढता येतो. माझ्या सहा वर्षांत मला मशीनबद्दल पहिल्या आठवड्यापेक्षा एक गोष्ट जास्त कळली नाही, खटके सोडून. आणि ते खटके दुसऱ्याच्या हातात होते. माझ्या हरण्यावर ज्याचं पोट आहे अशा माणसाने बाबांच्या वावरात टक्केवारी लावलेली नाही. बाजारात लावतात, हे मान्य. म्हणून तर भांडायचं तिथे.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. पार्लर उन्हाळ्यात ओस असायचं. गर्दी व्हायची ती चुकारे सुटले की. म्हणजे ज्याला तो जुगार म्हणतो, त्यातून कष्टाने वर आलेल्या पैशावरच आमची मशीन चालायची.

‘आज मजेत आहे.’

चौतिसाव्या वर्षी मी एका बावीस वर्षांच्या मिस्त्रीच्या हाताखाली वाइंडिंग शिकलो. तो मला ‘ओ काका’ म्हणायचा आणि गुंडाळी चुकली की सगळी तार सोडायला लावायचा. सहा वर्षांच्या ‘धंद्याचा’ एक कागद माझ्याकडे नाही, बँकेत विचारलं तर सांगायला उत्तर नाही. बहिणीच्या पोरीचं जमत होतं तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, “मामा काय करते पोरीचा?” आणि मधे एक क्षण सगळे गप्प झाले. तो क्षण मेसेजमध्ये नाही.

दुकान चालतं. डिसेंबर-जानेवारीत, हरभरा-गव्हाला रात्रीची लाइन असते, दाब कमी मिळतो, मोटरी जळतात. तेव्हा दिवसाला दोन-तीन येतात. येणारे तेच, तालुका तोच, पार्लरमधल्या स्टुलांवर बसणारी अर्धी माणसं माझ्या दारात मोटर उतरवतात. कोणी काही बोलत नाही. ही मजा.

गेल्या आठवड्यात ते काका आले. पाच एचपीची, विहिरीतली. मफलर तोच की दुसरा, सांगता येत नाही. मोटर उघडली, आतली वार्निश करपलेली, वास दुकानभर. दोन दिवसांनी न्यायला आले तेव्हा मी पाण्याच्या टाक्यात चालवून दाखवली. ती नीट फिरते का ते त्यांनी वाकून, कान लावून ऐकलं. मग सरळ झाले, बंडीच्या खिशात हात घातला आणि विचारलं, “किती पॉइंट झाले?”

मी म्हटलं, “चार हजार एकशे ऐंशी, काका.”

त्यांनी बेचाळीसशे टेबलावर ठेवले, उचलून परत एकदा मोजले, आणि वरचे वीस रुपये मिळेपर्यंत उभे राहिले.