एकोणीस रुपयांचा वडापाव

गणिताला घाबरून कॉमर्स घेणाऱ्यांची महाराष्ट्रात एक मोठी जमात आहे आणि मी तिची आजीव सभासद आहे. दहावीचा निकाल लागल्यावर आमच्या घरी चर्चा अशी झालीच नाही. आईने मार्कशीट डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली आणि म्हणाली, "सायन्स राहू दे." अकरावीला कॉमर्समध्येही एक फाटा फुटतो, गणित की एसपी. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती. मी डोळे मिटून एसपीच्या रांगेत उभी राहिले आणि पुढची दोन वर्षं कुठल्या तरी काल्पनिक कंपनीची चिटणीस होऊन भागधारकांना पत्रं लिहिली. लाभांश मंजूर झाल्याचं कळवलं, ठेवीदारांचे आभार मानले, खाली 'आपली विश्वासू' लिहिलं. फार सुखाचे दिवस होते. पत्राला कुणी उलट उत्तर देत नसे.

मग आलं एफवाय बीकॉम. मुंबई विद्यापीठाच्या आमच्या अभ्यासक्रमात 'मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स' नावाचा पेपर होता आणि तो सगळ्यांना होता, एसपीवाल्यांनाही. पहिल्या सेमिस्टरला शेअर्स, म्युच्युअल फंड अशी ऐकून माहीत असलेली मंडळी होती. दुसऱ्या सेमिस्टरला सर वर्गात आले, फळ्यावर 'डीवाय बाय डीएक्स', म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते सांगणारा डेरिव्हेटिव्ह, लिहिलं आणि मागे वळून म्हणाले, "बारावीला मॅथ्स होतं त्यांना हे येतंच. नव्हतं त्यांनी गाईड घ्या." माझ्यासारख्या निम्म्या वर्गाचं शिक्षण या दोन वाक्यांत पूर्ण झालं.

साइन-कॉस नव्हते, हा मोठाच दिलासा. सिद्धताही नव्हत्या. सूत्रं पाठ करायची, घात खाली आणायचा, वरचा एकाने कमी करायचा. का आणायचा, असं एका मुलाने विचारलं तेव्हा सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुढच्या सेमिस्टरला विषय नाही, कॉलेजच बदललं.

घरी आजोबांना ही व्यथा सांगितली तर त्यांना आनंद झाला. "अगं, हे सगळं आपल्या भास्कराचार्यांनी आधीच करून ठेवलंय!" आजोबांचं असं कुठलंही वाक्य मी व्हॉट्सॲपच्या खात्यात टाकते, पण हे नेमकं बऱ्यापैकी खरं निघालं. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. ग्रहाची त्या क्षणाची गती कशी काढायची याचा विचार त्यात आहे. एखादी संख्या वाढत वाढत आपल्या टोकाला पोचली की तिथे तिची वाढ शून्य होते, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे आणि तो उजेडात आणला आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी. राणीच्या बागेतलं म्युझियम ज्यांच्या नावाचं आहे, तेच. नातवाने आजोबांच्या अभ्यासाचं काय करावं, याचा हा आदर्श आजोबांनी मला जेवताना ऐकवला. मी ताटातली भेंडी एकाने कमी केली.

पण पेपरात भास्कराचार्य नाहीत, न्यूटनही नाही. तिथे चालते ती लाइबनित्झ या जर्मन गणितज्ञाची लिपी, म्हणजे तेच 'डीवाय बाय डीएक्स'. त्याने आपली पद्धत १६८४ मध्ये छापली. न्यूटनने त्याच्या आधीच शोधून ठेवली होती, पण छापली नव्हती. पुढे चोरीचे आरोप झाले आणि १७१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष कोण? न्यूटन. समितीचा अहवाल पडद्याआडून लिहिला कुणी? न्यूटनने. निकाल कुणाच्या बाजूने? हे वाचून मला प्रथमच या विषयाबद्दल आपुलकी वाटली. आमच्या सोसायटीतही पार्किंगचे निकाल असेच लागतात. चेअरमनची गाडी कुठे उभी आहे ते पाहिलं की ठराव वाचायची गरज उरत नाही.

गाईडमधली गणितं मात्र वेगळ्याच जगातली. तिथे एक कंपनी असते. तिला नाव नाही, पत्ता नाही, ती फक्त 'एक्स खुर्च्या' बनवते. तिचा एकूण खर्च म्हणजे एक्सचा घन वजा अमुक एक्सचा वर्ग अधिक तमुक. खर्च इतका नेमका माहीत असलेली कंपनी मी एसपीच्या दोन वर्षांत पाहिली नव्हती, आणि तिथे तर मी स्वतः चिटणीस होते. आकडेमोड केली की उत्तरं दोन येतात, समजा सव्वीस खुर्च्या आणि उणे तीन खुर्च्या. मग 'खुर्च्या उणे असू शकत नाहीत' असं गंभीरपणे लिहायचं. त्याला मार्क असतो. पुढे दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह काढून तो निगेटिव्ह आला, म्हणून नफा जास्तीत जास्त, हे लिहायचं. त्यालाही मार्क असतो. स्टेप मार्कांवर आमची अख्खी पिढी पास झाली आहे. केटी, म्हणजे नापास झालेला विषय पुन्हा देण्याची वेळ, लागू नये एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना असताना खुर्च्यांचं काय होतं, कोण बसतं, याची चौकशी कोण करणार?

तरीही एकदा भांडुप स्टेशनबाहेर माझ्या अंगात लाइबनित्झ संचारला. कॉलेजवरून येताना जिथे रोज थांबते त्या वडापावच्या गाडीवर गर्दी नव्हती. काका घाणा काढून झारा निथळत होते.

"काका, वडापाव पंधराला होता तेव्हा दिवसाला किती जायचे?"

"तीनशे. का?"

"आणि अठरा केलात तेव्हा?"

"दोनशे चाळीसवर आले. तुम्ही पालिकेच्या का?"

नाही म्हटल्यावर त्यांनी खर्चही सांगितला. बटाटा, बेसन, तेल, पाव, गॅस धरून नगामागे आठ रुपये. मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. भाव रुपयाने वाढला की गिऱ्हाइकं वीसने घटतात. म्हणजे खप सहाशे वजा वीस गुणिले भाव. नफ्याचं समीकरण, डेरिव्हेटिव्ह, बरोबर शून्य. उत्तर आलं एकोणीस. दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे चाळीस. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर गाईडच्या मागे न बघता बरोबर आहे हे मला कळत होतं.

"काका, तुम्ही वीसला विकता ते चूक आहे. एकोणीसला विका. रोज दोनशे वीस वडे जातील, नफा दोन हजार चारशे वीस."

"आत्ता दोनशे जातात. त्याचे?"

"दोन हजार चारशे."

काकांनी कढईत पुढचा घाणा सोडला. "म्हणजे वीस वडे जास्ती तळायचे, वर दोनशे वीस जणांना एकेक रुपया सुट्टा शोधून द्यायचा, आणि मिळणार किती? वीस रुपये!"

"क्यूआर आहे ना..."

"ताई, क्यूआर आहे. हात दोनच आहेत."

मी पुन्हा वहीत पाहिलं. वर टोकाशी उतार, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, शून्य असतो, हे मीच तर लिहिलं होतं. उतार शून्य म्हणजे तिथे जमीन सपाट. रुपयाभर इकडे सरकलं काय आणि तिकडे सरकलं काय, नफ्याला फारसा धक्का लागत नाही, सुट्ट्याची कटकट तेवढी वाचते. 'बरोबर शून्य' लिहायचे मार्क मी कधी सोडले नव्हते, पण त्या शून्यात एवढी ऐसपैस जागा असते हे सर बोलले नव्हते. गाईडही बोललं नव्हतं. खुर्च्यांच्या कंपनीला सुट्ट्याची अडचण नसावी.

"पण हिशेब चांगला करता," काका म्हणाले. "मग एक काढून द्या. सुकी चटणी फुकट आहे. माणसं मागतात, अजून द्या, अजून द्या. कुठे थांबवायचं?"

हा प्रश्न पाहायला सोपा आणि सोडवायला भयंकर होता. भाव शून्य, मागणीला अंत नाही, चमच्याचा खर्च तर आहेच. शिवाय चटणी आखडली तर उद्या गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर जाणार, ते कुठल्या रकान्यात धरायचं? मी मागणीचं समीकरण मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. तेवढ्यात माझा वडापाव आला.

"काका, जरा चटणी वाढवा."

काकांनी माझ्या वहीकडे पाहिलं, चटणीचा डबा उचलला आणि स्वतःच्या बाजूला ठेवला.